घोडीचा ऋतू आणि माणसाची घाई

शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस कधी असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर गोलार्धात सगळ्यांचा एकाच दिवशी असतो. १ जानेवारीला! शिंगरू फेब्रुवारीत जन्मो, मे महिन्यात जन्मो, की अगदी ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मो. पुढच्या १ जानेवारीला ते कागदोपत्री एक वर्षाचे झाले. इंग्लंडात पूर्वी ही तारीख १ मे होती. १८३४ मध्ये न्यूमार्केटच्या मैदानावर ती बदलून १ जानेवारी करण्यात आली, हळूहळू उत्तर गोलार्धात तीच रूढ झाली, आणि आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या शर्यतींत घोड्याचे वय त्याच हिशेबाने मोजतात.

आता यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडले ते असे, की ही तारीख ठरवताना घोडीला कोणी विचारले नाही. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत जानेवारीचे शिंगरू आणि मेचे शिंगरू एकाच ओळीत उभे राहते, आणि त्या वयात चार महिन्यांचे अंतर म्हणजे थोडेथोडके नव्हे. म्हणून मालकाला शिंगरू हवे असते ते वर्षाच्या आरंभी. घोडी गाभण राहते सुमारे अकरा महिने. म्हणजे ती फेब्रुवारीत भरवली पाहिजे. आणि थंड देशातली घोडी फेब्रुवारीत माजावर येतच नाही!

माणसाची ही घाई आणि घोडीचा हा ऋतू यांचे भांडण गेली दोनशे वर्षे चालू आहे. त्या भांडणातून विज्ञानाचा एक मोठा अध्याय घडला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

घोडीचे कॅलेंडर भिंतीवर टांगलेले नसते. ते आकाशात असते. दिवस मोठा होऊ लागला, की डोळ्यांवाटे प्रकाशाची खबर मेंदूला पोचते. मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीला जागे करतो, ती बीजांडकोशाला जागे करते, आणि वसंतात घोडी माजावर येऊ लागते. मग दर २१-२२ दिवसांनी हे चक्र फिरते. त्यात माज पाच ते सात दिवस टिकतो, आणि अंडे सुटते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. हिवाळा आला की सारा कारभार बंद! यात निसर्गाचा हिशेब साधा आहे. अकरा महिन्यांनी शिंगरू जन्माला येईल तेव्हा कुरणात कोवळे गवत हवे. न्यूमार्केटला डिसेंबरातला दिवस आठ तासांहूनही लहान असतो. आपल्या पुण्यात तो जवळजवळ अकरा तासांचा. म्हणून आपल्याकडे हा ऋतूचा फरक तितका कडक नाही.

आणखी एक हिशेब पाहा. वर्षाचे दिवस ३६५, गाभणपणाचे सुमारे ३४०. उरले किती? पंचवीस! दरवर्षी एक शिंगरू हवे असेल, तर व्यायल्यावर पंचवीस दिवसांच्या आत घोडी पुन्हा गाभण राहिली पाहिजे. व्यायल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात येणारा पहिला माज चुकला, की पुढचा थेट महिन्याच्या घरात. अशा रीतीने दरसाल तारीख पुढे सरकत जाते, आणि एके वर्षी घोडी रिकामी राहते.

जुन्या लोकांना यातले बरेच काही अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्र प्रसिद्ध आहे. घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तो शब्द त्या नावावरूनच आला. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दूरदूर गेल्या. त्यांच्या पागांतून मोतद्दार पिढ्यान्पिढ्या घोड्यांत वाढले. घोडी माजावर आहे की नाही हे शेपटी कशी धरते, कान कुठे वळवते, नर जवळ येताच लाथ झाडते की शांत उभी राहते, यांवरून ओळखीत. पण ओळखणे वेगळे आणि घडवून आणणे वेगळे. आत नेमके काय चालते, हे कोणालाच माहीत नव्हते.

ते कळण्याची सुरुवात विसाव्या शतकात झाली. १९०५ मध्ये इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द वापरात आणला. ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी चेतवणे, प्रेरणा देणे हा अर्थ आहे. मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणतो. संप्रेरक म्हणजे शरीरातला जासूदच म्हणा ना! एका अवयवाने रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला पाठवलेला निरोप.

१९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघा डॉक्टरांना आढळले, की गर्भवती स्त्रीचे मूत्र वयात न आलेल्या उंदराच्या मादीला टोचले तर तिचे बीजांडकोश अकाली पक्व होतात. स्त्रीला दिवस गेले आहेत की नाहीत, याची पहिली भरवशाची परीक्षा या शोधातून मिळाली.

मग घोडीचे काय? १९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरोल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी गाभण घोड्यांचे रक्त घेतले, त्यातला पातळ द्रव म्हणजे रक्तरस वेगळा केला, आणि तो लहान उंदरांच्या माद्यांना टोचला. त्यांचेही बीजांडकोश पक्व झाले! पण गंमत अशी, की हा गुण रक्तात सदासर्वदा नसतो. सुमारे चाळिसाव्या दिवसापासून तो झपाट्याने वाढतो आणि चार-पाच महिन्यांनी मावळतो. शिवाय स्त्रीमध्ये हा पदार्थ मूत्रातून बाहेर पडतो; घोडीत तो रक्तातच राहतो. त्याचा रेणू मोठा असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून तो सहसा निसटत नाही.

त्याच १९३० साली झोंडेक यांनी घोडीच्या मूत्राकडेही लक्ष वळवले. तिथे त्यांना दुसराच खजिना सापडला. गाभण घोडीच्या मूत्रात इस्ट्रोजेन, म्हणजे माज आणणाऱ्या स्त्री-संप्रेरकाचा भरणा, विलक्षण प्रमाणात असतो. १९३२ मध्ये पॅरिसला आंद्रे जिरार यांनी त्यातून इक्विलीन हे केवळ अश्वजातीत आढळणारे इस्ट्रोजेन वेगळे केले. १९३४ साली झोंडेक यांनी आणखी एक अचंबा जाहीर केला. हे स्त्री-संप्रेरक नर घोड्याच्या मूत्रातही भरपूर सापडते! पुरुषत्वाचे प्रतीक म्हणून ज्याची चित्रे काढायची, त्याच्याच अंगी स्त्री-संप्रेरकाची अशी रेलचेल.

पण तोवर झोंडेक बर्लिनमध्ये राहिले नव्हते. ते ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि त्यांचे रुग्णालयातले पद गेले. ते आधी स्टॉकहोमला आणि नंतर जेरुसलेमला गेले. आशहाइम यांनाही देश सोडून पॅरिसला जावे लागले. ज्यांच्या परीक्षेने असंख्य घरांत आनंदाची बातमी पोचवली, त्या दोघांना त्यांच्याच देशात घर उरले नाही.

या सगळ्याचा उपयोग आधी कोणाला झाला? घोडीला नव्हे! १९४१ मध्ये कॅनडात गाभण घोड्यांच्या मूत्रातील इस्ट्रोजेनांची एक गोळी बाजारात आली. पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांच्या तक्रारींवर ती देत. तिचे नाव प्रेमारिन. ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून हे नाव बनवले आहे. लक्षावधी स्त्रियांनी ती घेतली. त्यासाठी हजारो घोड्या हिवाळाभर अरुंद ठाणांत, अंगाला मूत्र गोळा करण्याची पिशवी बांधून उभ्या असत. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दिसून आले, की या इस्ट्रोजेनांबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे औषध दीर्घकाळ घेतल्यास स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. मग मागणी एकदम घसरली आणि पुष्कळ ठाणी रिकामी झाली.

कोल आणि हार्ट यांच्या रक्तरसाचाही उपयोग दुसऱ्यांनाच झाला. तो टोचला की मेंढ्या आणि गाई माजावर येतात, एकाऐवजी अनेक अंडी सोडतात. मग तोच रस घोडीला टोचला तर? काही होत नाही! घोडीच्या रक्तातले औषध सगळ्यांना लागू पडते, फक्त घोडीला नाही.

हे कोडे पुष्कळ वर्षे सुटत नव्हते. ते सुटले ते घोडीच्या गर्भाशयातील काही विचित्र वाट्यांमुळे. १९१२ मध्ये शाउडर या जर्मन अभ्यासकाने त्यांचे वर्णन करून ठेवले होते. गाभण घोडीच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर लहान लहान वाट्यांसारखी उंचवट्यांची एक रांग दिसते. १९४३ मध्ये कोल आणि गॉस यांनी दाखवले, की ते संप्रेरक याच वाट्यांत तयार होते. त्या वाट्या आईच्या पेशींच्या बनलेल्या असतात, असेच सगळे धरून चालले होते. १९७२ मध्ये केंब्रिजच्या ॲलन आणि मूर यांनी सिद्ध केले, की त्या आईच्या नव्हेतच. त्या गर्भाच्या पेशी आहेत! गाभणपणाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या दिवशी गर्भाच्या वेष्टनावरील एका पट्ट्यातील पेशी सुटतात, आईच्या गर्भाशयात शिरतात आणि तिथे ठाण मांडतात. आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना परके ओळखून वेढा घालतात, आणि चार महिन्यांच्या आसपास त्यांचा निकाल लावतात. तोवर त्या आपले काम करून गेलेल्या असतात.

त्यांचे काम काय? घोडीच्या बीजांडकोशाला हुकूम देऊन गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा जादा साठा तयार करवून घेणे. इतर जनावरांत हे संप्रेरक पुटिका वाढवते आणि अंडेही सोडवते. घोडीच्या शरीरात मात्र त्याला यांतला दुसराच अर्धा गुण दाखवता येतो. म्हणून मेंढीला त्याचा माज येतो, घोडीला येत नाही. न जन्मलेले शिंगरू स्वतःच्या रक्षणासाठी जो निरोप आईला पाठवते, तोच आपण बाटलीत भरून मेंढीला टोचतो!

बरे, मग घोडीसाठी खास असे काय सापडले? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट औषध नव्हेच; ती आहे दिवा. १९४७ मध्ये केंब्रिजच्या बुर्कहार्ट यांनी हिवाळ्यात घोड्यांच्या ठाणात जादा उजेड ठेवून दाखवले, की घोडी वेळेआधी माजावर येते. आजही थंड देशांतील पैदास केंद्रांत डिसेंबरच्या आरंभापासून ठाणात दिवे लावतात, आणि घोडीचा दिवस सोळा तासांचा करतात. आठ-दहा आठवड्यांनी तिला वाटते वसंत आला. ही फसवणूकच म्हणायची, पण निरुपद्रवी.

दुसरी गोष्ट प्रोजेस्टेरॉनची. हिवाळा सरता सरता घोडीचा माज अनियमित असतो. आठवडेच्या आठवडे लांबतो आणि अंडे सुटत नाही. १९६६ मध्ये लॉय आणि स्वान या अमेरिकन अभ्यासकांनी प्रोजेस्टेरॉन देऊन घोडीचे चक्र दाबून धरता येते का, याची पद्धतशीर पाहणी केली. काही दिवस माज दाबायचा आणि मग औषध बंद करायचे, म्हणजे तो नियमित उगवतो. पुढे तोंडावाटे देण्याजोगे आल्ट्रेनोजेस्ट हे औषध आले आणि १९८० नंतर सर्रास वापरले जाऊ लागले. मात्र एक खबरदारी. हे तेलकट औषध माणसाच्या कातडीतूनही अंगात शिरते. पागेत काम करणाऱ्या बायकांनी तर ते हातमोजे घातल्याशिवाय हाताळूच नये.

तिसरी गोष्ट प्रोस्टाग्लँडिनची. अंडे सुटले की त्या जागी एक पिवळसर गाठ, म्हणजे पीतपिंड, तयार होते आणि प्रोजेस्टेरॉन निर्माण करते. गर्भ राहिला नाही, तर गर्भाशय दोन आठवड्यांनी प्रोस्टाग्लँडिन पाठवते, पीतपिंड विरघळते आणि घोडी पुन्हा माजावर येते. कधी कधी हा निरोप जातच नाही, आणि गाभण नसलेली घोडी गाभण असल्यासारखी महिना-दोन महिने गप्प राहते. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डग्लस आणि गिन्थर यांनी दाखवले, की प्रोस्टाग्लँडिनच्या सुईने हे पीतपिंड विरघळवता येते. मग तीन-चार दिवसांत घोडी माजावर येते. सुई दिल्यावर घोडीला घाम फुटतो, थोडी कळही येते. पण ते लवकर ओसरते. गर्भवती स्त्रियांनी आणि दमेकऱ्यांनी मात्र या औषधापासून दूर राहावे.

चौथी गोष्ट अंडे नेमके केव्हा सुटावे, याची. एखाद्या नामांकित घोड्याकडे एका हंगामात शंभराच्या वर घोड्या येतात. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. प्रत्येक घोडी प्रत्यक्ष भरवावी लागते. सुटलेले अंडे काही तासच टिकते. तेव्हा वेळ चुकली तर खेप फुकट. यावर १९३९ मध्येच डे या इंग्रज संशोधकाने अशी संप्रेरके घोडीवर वापरून पाहिली होती. पुटिका पक्व झाली असताना ही सुई दिली, की दीड-दोन दिवसांत अंडे सुटते. आणि ही सुई कशाची म्हणाल? गर्भवती स्त्रीच्या मूत्रातील संप्रेरकाची! आशहाइम आणि झोंडेक यांना उंदरांत जे दिसले, तेच हे.

पाहा, कसा व्यवहार झाला हा! घोडीच्या मूत्रातले संप्रेरक बाईला, आणि बाईच्या मूत्रातले घोडीला. दोघींच्याही अंगणातून विज्ञानाने पाणी भरले.

या चारही उपायांना डोळे दिले ते ध्वनिलहरींच्या यंत्राने. १९८० मध्ये फ्रान्समधील पामेर आणि द्रियाँकूर यांनी ते घोडीसाठी वापरून दाखवले. त्याआधी पशुवैद्याचा हात हेच यंत्र होते. घोडीच्या पोटात जुळी राहणे म्हणजे अनर्थ. तिचे गर्भाशय दोघांना पुरत नाही. बहुधा दोन्ही दगावतात, आणि कधी कधी घोडीही जाते. आता चौदाव्या-पंधराव्या दिवशी दोन गर्भ दिसले तर एक अलगद चिरडून दुसरा वाचवता येतो. पण हे करायचे ते त्या वाट्या तयार होण्याआधी! एकदा वाट्या रुजल्या की गर्भ गेला तरी त्या आपला हुकूम सोडत राहतात, आणि घोडीचा सारा हंगाम वाया जातो. बर्लिनचा उंदीर, कॅलिफोर्नियाचा रक्तरस आणि केंब्रिजच्या वाट्या यांचा धागा असा एका शिंगराच्या जिवाशी येऊन पोचतो.

आपल्या देशातही हे ज्ञान रुजले आहे. हिस्सारला १९८५ मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र सुरू झाले. घोडीच्या रक्तातील त्याच संप्रेरकावरून ती गाभण आहे की नाही हे सांगणारी चाचणी तिथे तयार झाली. त्या केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत २०२३ मध्ये गर्भरोपणाने मारवाडी जातीचे शिंगरू जन्माला आले. एका घोडीचा गर्भ दुसरीने वाढवायचा, म्हणजे दोघींची चक्रे एका तालात आणायला हवीत. तिथे ही संप्रेरकेच कामाला येतात. आपल्या भीमथडी घोड्याचीही २०२३-२४ च्या सुमारास देशी जातींत अधिकृत नोंद झाली. उद्या तिची संख्या वाढवायची वेळ आली, तर हीच विद्या उपयोगी पडेल.

घोड्याच्या रक्ताचे ऋण आपल्याला नवे नाही. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्याच्या रक्तरसातून सर्पविषावरचा उतारा तयार केला, आणि त्यावर या राज्यातील कितीतरी शेतकऱ्यांचे प्राण वाचले. पण ऋण घेणे आणि लूट करणे यांत फरक आहे. मेंढ्या-डुकरांचा माज जुळवण्यासाठी उरुग्वे, अर्जेंटिना आणि आइसलंडमध्ये गाभण घोड्यांचे रक्त आठवड्याच्या आठवड्याला काढण्याचा धंदा उभा राहिला. २०२१ मध्ये आइसलंडमधील चित्रफिती बाहेर आल्या, आणि त्या घोड्यांना दिलेली वागणूक पाहून युरोपभर लोक संतापले. आता प्रयोगशाळेतील पेशींकडूनही हे संप्रेरक करवून घेता येते. तेव्हा घोडीच्या गळ्याला सुई लावलीच पाहिजे, ही सबब उरलेली नाही.

आणि घोडीच्या हंगामाबद्दल म्हणाल, तर या औषधांची मर्यादा जाणकार पशुवैद्य पहिल्या दिवशीच सांगतो. पीतपिंड नसेल तर प्रोस्टाग्लँडिन काय विरघळवणार? बीजांडकोश हिवाळी झोपेत गाढ असतील, तर प्रोजेस्टेरॉन त्यांना उठवू शकत नाही. म्हाताऱ्या घोडीचे जीर्ण गर्भाशय कोणतीही सुई तरुण करत नाही. संप्रेरक म्हणजे निरोप. पण निरोप ऐकायला आत कोणी जागे हवे. म्हणूनच शंभर वर्षांच्या या साऱ्या खटाटोपानंतरही, हिवाळ्यात सर्वांत आधी लागतो तो ठाणातला दिवाच.

१ जानेवारी ही तारीख माणसाने कागदावर लिहिली, आणि वाटल्यास माणूसच ती खोडू शकतो. घोडीची तारीख सूर्य लिहितो. ती समजून घेऊन थोडी अलीकडे ओढण्याची विद्या आपण कमावली, हे खरेच मोठे काम झाले. सुई हातात घेणाऱ्याने मात्र एवढे स्वतःला विचारावे, की ही घाई घोडीच्या भल्याची आहे, की आपल्या वहीतल्या तारखेची.